धरण पाहायचं तर मागून पाहा

ऑगस्टात तलाव सांडला की आमच्याकडं जत्राच भरते. पोट्टे सांडव्यावर आंघोळीला, कोणी खाली जाळं लावून बसलेलं, कोणी भजी तळायची कढई घेऊनच आलेलं, अन् एक जण हमखास रील काढून राहिलेला असतो. सगळ्यांची तोंडं पाण्याकडं. पाळीच्या, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या, मागच्या अंगाला, जिकडं बोरी-बाभळी आणि बेशरम माजलेली असते, तिकडं कुत्रंही फिरकत नाही. आणि खरी गोष्ट अशी आहे राजेहो, की धरण आजारी आहे का धडधाकट हे समोरून कधीच कळत नाही, ते मागून कळतं.

मी इंजिनिअर नाही. माझं वावर तलावाच्या खाली आहे, नाल्याला लागून, तेवढाच माझा संबंध. पण पाळ फुटली तर सगळ्यात आधी माझीच पऱ्हाटी वाहून जाणार म्हणून मी हे प्रकरण समजून घेत गेलो, शाखा अभियंत्याला विचार, जुन्या मुकादमाला विचार, असं करत करत जे डोक्यात बसलं ते इथं लिहितो.

पहिला गैरसमज आधी काढून टाकतो. लोकांना वाटतं पाणी धक्का मारतं आणि धरण ढकललं जातं. मातीच्या धरणाचं तसं नसतं. समजा पाळ 9 मीटर उंच आहे, माथा 3 मीटर रुंद, दोन्हीकडचा उतार आपल्याकडं असतो तसा, दोन-अडीचास एक, म्हणजे दोन-अडीच मीटर आडवं गेलं की एक मीटर चढ. मग तळाशी तिची रुंदी 40 मीटरच्या वर जाते. अशा पाळीचा एक मीटर लांबीचा तुकडा धरला तर त्यात पावणेचारशे टनांच्या आसपास माती निघते. 8 मीटर खोल पाणी त्या तुकड्याला जो आडवा रेटा देतं तो फक्त 32 टन. म्हणजे हत्तीला शेळी ढुशी देऊन राहिली. ढुशीनं हत्ती पडत नाही. पाणी एकतर वरून जातं नाहीतर पोटातून जातं, मातीचं धरण बहुतेक वेळा या दोनच वाटांनी जातं. बाकी उतार घसरणं वगैरे आहेच, ते पुढं येईल.

आता पोटात काय असतं ते. आपल्याकडच्या पाळीत मधोमध काळ्या मातीचा गाभा असतो, खात्यातले लोक त्याला हार्टिंग म्हणतात. काळी माती ओली असली की पाण्याला सहजासहजी वाट देत नाही, म्हणून ती आत. तिच्या दोन्हीकडं मुरमाचं आवरण, ते केसिंग. गाभ्याच्या खाली जमिनीत खोल चर खणून तीही काळ्या मातीनं ठासून भरलेली असते, ती सीओटी, म्हणजे पाण्यानं पाळीच्या खालून बोगदा करू नये म्हणून. पाण्याच्या बाजूनं दगडांचं अस्तर, पिचिंग, लाटांनी माती खाऊ नये म्हणून. आणि मागच्या बाजूला अगदी पायथ्याशी रचलेल्या दगडांचा एक ढिगारा असतो, त्याला रॉक टो म्हणतात. त्याच्या आत वाळू आणि गिट्टीचे थर असतात. आमच्या गावात कित्येक वर्षं सगळ्यांना वाटायचं की हा ढिगारा म्हणजे ठेकेदाराचा उरलेला माल, आणि त्यातले दगड घेऊन दोन-चार गोठ्यांचे पायवे भरले गेले. मीसुद्धा एक ट्रॉली आणलेली आहे, खोटं कशाला बोलू.

तो ढिगारा उरलेला माल नसतो, ती धरणाची गाळणी असते. कारण मातीचं धरण पाझरतंच. अजिबात न पाझरणारं मातीचं धरण बांधताच येत नाही, आणि बांधणाऱ्यानं ते गृहीतच धरलेलं असतं. पाणी पोटातून हळूहळू मागं येणार, त्याला येऊ द्यायचं, फक्त येताना त्यानं मातीचा कणही सोबत आणू नये एवढीच अट. चहा गाळणीतून येतो, पत्ती वरच राहते, तसं. तुम्ही गाळणीचे दगड नेले की वाळू उघडी पडते, वाळू वाहते, मग तिच्यामागची माती मोकळी.

माती मोकळी झाली की काय होतं हे ज्यानं रात्री ओलीत केलंय त्याला समजावायची गरजच नाही. गव्हाला पाणी चालू असतं, लाइन रात्रीची, तुम्ही डुलक्या घेत धुऱ्यावर बसलेले, आणि दांडाला कुठंतरी उंदराचं बीळ असतं. आधी बोटाएवढी धार. वाटतं बघू थोड्या वेळानं. फावडं आणायला म्हणून कोठ्याकडं गेलं आणि परत आलं की तिथं पायाएवढं भगदाड, अन् पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात. धार जेवढी माती नेते तेवढं बीळ मोठं होतं, बीळ जेवढं मोठं तेवढी धार जोरात, आणि जोरात धार म्हणजे आणखी माती. हेच धरणात झालं की त्याला पायपिंग म्हणतात. फरक एवढाच की ते आतून, मागच्या टोकापासून पाण्याच्या दिशेनं उलटं कोरत जातं, म्हणून समोर उभं राहिलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. दिसायला लागतं तेव्हा पाण्यावर एखादा भोवरा फिरताना दिसतो, आणि तेव्हा फावडं आणायला वेळ नसतो.

म्हणून पाझर किती आहे यापेक्षा पाझर कसा आहे हे पाहायचं. स्वच्छ पाणी आलं तर नुसतं लक्ष ठेवायचं, गढूळ आलं तर जागं व्हायचं. डोळ्यांवर विश्वास ठेवू नका, बिसलेरीची रिकामी बाटली घ्या, मागच्या पाझराचं पाणी भरा आणि अर्धा-एक तास ओट्यावर ठेवून द्या. तळाला गाळ बसला तर आतून माती येऊन राहिली. पण पाऊस चालू असताना ही परीक्षा करू नका, उतारावरचं पावसाचं पाणी मिसळतं आणि उगाच गावभर बोंब होते.

दुसरी परीक्षा मोजायची. पाझर एका ठिकाणी छोट्या चारीत गोळा करून तिथं पत्र्याचा तुकडा आडवा लावायचा, पत्र्याला व्ही आकाराची, काटकोनातली खाच. खाचेतून पाणी किती उंच जातं ते थोडं मागं उभ्या केलेल्या पट्टीवर वाचायचं. खाचेत 5 सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला साधारण पाऊण लिटर येतंय असं समजा. 10 सेंटिमीटर झालं तर कोणी म्हणेल दुप्पट झालं, पण नाही, ते सेकंदाला जवळपास साडेचार लिटर, म्हणजे सहापटीच्या आसपास. खाच वर रुंद होत जाते ना, म्हणून. पत्रा बसवायचा कंटाळा असेल तर बादली आणि मोबाईलचं घड्याळ, 15 लिटरची बादली 20 सेकंदांत भरली तर तोच पाऊण लिटर आला.

आकडा नुसता लिहून ठेवून काही होत नाही, सोबत तलावाची पातळीही लिहायची. पाणी वाढलं तर पाझर वाढणार, पाणी उतरलं तर कमी होणार, हे निरोगी लक्षण. घाबरायचं तेव्हा, जेव्हा तलावातलं पाणी आहे तिथंच आहे किंवा उतरतंय, आणि पाझर तरी वाढून राहिला. आणि उलटंही, वर्षानुवर्षं एका जागी येणारा पाझर अचानक बंद झाला तर पेढे वाटू नका. पाणी संपलेलं नाही, त्यानं जागा बदललेली असू शकते, नवी जागा शोधा.

आता दुसरी वाट, वरून जायची. ही मला जास्त भयानक वाटते कारण ती आपण आपल्या हातानं तयार करतो.

दगडी किंवा काँक्रीटच्या धरणावरून थोडं पाणी गेलं तर ते सोसू शकतं. मातीच्या पाळीवरून गेलं की मागचा मुरूम खरवडत जातं, आधी पायथा कोरतं, मग वरपर्यंत कड तुटत येते, आणि काही तासांत, कधी त्याहून लवकर, पाळीला खिंड पडते. म्हणून सांडवा असतो. सांडवा म्हणजे पुराच्या पाण्याचा दरवाजा, अंघोळीची जागा नव्हे.

हिशोब करून पाहू. तलावात 5 चौरस किलोमीटर शिवाराचं पाणी येतं असं धरा. 65 मिलिमीटर झाला की आपलं महसूल मंडळ अतिवृष्टीत बसतं हे आपल्याला पाठच आहे, विमा आणि पंचनाम्यामुळं. पण यवतमाळला जुलै 2023 मध्ये एका दिवसात 200 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. आपण मधला धरू, 3 तासांत 100 मिलिमीटर. जमीन आधीच भिजलेली, 60 टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला 28 हजार लिटर तलावात येतं. सेकंदाला पाच-साडेपाच टँकर, सलग 3 तास.

सांडवा 20 मीटर लांब असेल आणि त्यावरून 1 मीटर जाड पाणी जायची सोय असेल तर तो सेकंदाला साधारण 34 हजार लिटर बाहेर काढतो. म्हणजे झालं, निभतं. आता पावसाळा संपता संपता गावातले शहाणे काय करतात, रब्बीला जास्त पाणी मिळावं म्हणून सांडव्यावर अर्धा मीटर रेतीची पोती रचतात. कोणाला वाटतं वाट अर्धी झाली म्हणजे पाणी अर्धं जाईल. तसं नाही, अर्धा मीटर जाडीचं पाणी फक्त 12 हजार लिटर जातं, एक तृतीयांशच. बाकीचं तलावात चढत राहतं आणि पुराची पातळी जवळपास अर्धा मीटर वर जाते. कोणी म्हणेल, अरे पण माथ्यापर्यंत अजून 1 मीटर मोकळा असतो की, फ्री बोर्ड. असतो, कागदावर. पण पाळीवर जिथून ढोरं पाण्याला उतरतात ती वाट पाहा एकदा, वर्षानुवर्षं खुरांनी खचत खचत तिथला माथा वीतभर नाही, कधी कधी हातभर खाली गेलेला असतो. एक हात म्हणजे अर्धा मीटरच की. पोत्यांचा अर्धा मीटर आणि ढोरांचा अर्धा मीटर, उरला किती? पाण्याला सरासरी उंची कळत नाही, त्याला सगळ्यात खालची जागा कळते. आणि वर लाटा आहेतच, वारा सुटला की.

मिस्त्री लोकांकडं ती पाण्याची पारदर्शक नळी असते ना, लेव्हल पाहायची, तिनं एका दुपारी पाळीचा माथा टोकापासून टोकापर्यंत तपासता येतो. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, खचलेल्या जागा, सगळं सापडतं. तिथं मुरूम टाकून धुम्मस करायला फार पैसे लागत नाहीत, आणि ढोरांसाठी एका बाजूला दगडी उतार करून दिला की ती पाळीवरून जातच नाहीत.

पोत्यांसारखेच इतर प्रकार. सांडव्यावर मासे वाहून जाऊ नयेत म्हणून जाळी लावतात, तिच्यात पुरात काडीकचरा, पऱ्हाट्या, प्लास्टिक अडकतं आणि जाळीची भिंत होते. सांडव्याच्या खालच्या चरात कोणीतरी तूर पेरलेली असते, चार वर्षं पूर आला नाही म्हणून. मग पूर येतो तेव्हा त्याला जुनी वाट सापडत नाही आणि तो पाळीच्या पायथ्याला घासून जातो.

पूर्व विदर्भातल्या मामा तलावांचं, म्हणजे माजी मालगुजारी तलावांचं, मला यात कौतुक वाटतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत असे हजारो आहेत, गोंड राजांच्या काळापासूनचे, कोहळी समाजानं बांधलेले पुष्कळ. तिथल्या लोकांकडं प्रत्येक भागाला स्वतःचा शब्द आहे, पाळ, पाणी सोडायचं तुडूम, जादा पाणी जायची सलंग. ज्या वस्तूला शब्द असतो तिच्याकडं लक्ष असतं. मालगुजारी 1950-51 च्या सुमारास गेली, तलाव सरकारचे झाले, आणि पाळीवर माती टाकणं हे गावाचं वार्षिक काम होतं ते कागदावरचं काम झालं. आमच्याकडं पश्चिमेला तर ते शब्दही नाहीत, सगळं मिळून 'धरण'.

पाळीवरच्या झाडांविषयी बोललं की लोक चिडतात, पण बोलावं लागतं. पळस, बोर, बाभूळ, कडुनिंब, यांची मुळं गाभ्यात शिरतात. झाड उभं आहे तोवर फारसं बिघडत नाही असं वाटतं, ते वादळात उपटलं तर पाळीचा लचका घेऊन पडतं, आणि कोणी तोडलं तर आतलं मूळ दोन-चार वर्षांत कुजून पोकळ नळी तयार होते, उंदराच्या बिळासारखीच. म्हणून झाड रोप असतानाच उपटायचं. मोठं झालेलं असेल तर आपल्या मनानं कुऱ्हाड लावायची नाही, मूळ काढून खड्डा थराथरानं ठोकून भरावा लागतो आणि ते तलाव उतरल्यावरच. पाळीवर फक्त गवत चांगलं. एका गावात मी पाळीवरच वृक्षारोपणाचा कार्यक्रम पाहिलाय, फ्लेक्स लावून, फोटो काढून. रोपं जगली नाहीत, धरणाचं नशीब.

घूस, सायाळ, मुंगूस, खेकडे, हे सगळे बिळं करतात. खेकड्यांवरून 2019 मध्ये महाराष्ट्रात भरपूर विनोद झाले. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण 2 जुलैच्या रात्री फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली, आणि तेव्हाच्या मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण फोडलं म्हटलं. विनोद करणं सोपं होतं. खेकडा बीळ करतो हे खोटं नाही. पण गळती होतेय म्हणून गावकऱ्यांनी आधीच तक्रारी केल्या होत्या असं तेव्हा सगळीकडं छापून आलं होतं, आणि बीळ कोणी बुजवायचं हा प्रश्न खेकड्याला विचारता येत नाही. बीळ बुजवताना तोंडात दगड कोंबून काम होत नाही. बीळ खणून मोकळं करायचं आणि ओलसर माती थोडी थोडी टाकून ठोकत यायचं.

भेगांबद्दल थोडं. आपली काळी माती उन्हाळ्यात कशी फाटते, वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच माती पाळीच्या गाभ्यात आहे. ती वाळू नये म्हणूनच वर मुरमाची गोधडी घातलेली असते. पावसाच्या ओघळींनी मुरूम वाहून गेला आणि पाळीवर काळं दिसायला लागलं की समजा गोधडी फाटली. माथ्यावर लांबीनं गेलेली भेग असेल तर उतार घसरायच्या तयारीत असू शकतो, विशेषतः तलावाचं पाणी झपाट्यानं खाली गेलं असेल तर, कारण आत भिजलेली जड माती आणि बाहेर आधाराला पाणी नाही. पण आडवी भेग, म्हणजे पाण्याच्या बाजूकडून मागच्या बाजूकडं गेलेली, ती जास्त वाईट. ती पाण्याला तयार रस्ता देते. भेग दिसली की दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, तारीख लिहा, आठ दिवसांनी पुन्हा पाहा.

सगळ्यात नाजूक जागा मात्र पाणी सोडायच्या पाइपाभोवतीची. पाइप कडक, माती मऊ, दोघांच्या मधे माती नीट ठोकली जात नाही, आणि तिथून पाणी पाइपाच्या अंगाअंगानं सरकतं. पुण्याजवळचं पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं, मातीचंच धरण, काम पुरतं आटोपलेलं नसताना पाणी भरलं, आणि घोटाळा पाणी सोडायच्या मार्गापाशीच सुरू झाला. जवानांनी रात्रभर पोती रचून त्याला काही तास रोखून धरलं. म्हणून मागून पाहायला गेलात तर पहिल्यांदा पाइप बाहेर पडतो तिथं जा. पाइपातून नाही, पाइपाच्या बाजूनं ओल आहे का ते पाहा.

एक सावधगिरी गाळ काढणाऱ्यांसाठी. 2017 पासून गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार आलं, चांगलंच आहे, माझ्याही वावरात वीस ट्रॉल्या पडल्या. पण जेसीबीवाला पाळीच्या अगदी पायथ्याशी खोदायला लागला की हात धरा. पाळीजवळ बसलेला गाळ पाणी अडवतो, तो खरवडून खालचा मुरूम किंवा रेती उघडी केली तर पाझर वाढतो, आणि पायथ्याला खड्डा झाला की वरचा उतार त्यात बसतो.

आता मेख अशी आहे की हे पाहायची जबाबदारी कोणाची. 2021 चा धरण सुरक्षा कायदा आहे, पण तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना, आणि 10 ते 15 मधल्या काही ठरावीक मोठ्या धरणांना. आमच्या 9 मीटरच्या तलावाला तो ओळखत नाही. आणि तलाव कोणाचा हेच आधी शोधावं लागतं, जिल्हा परिषद, जलसंधारण का जलसंपदा. मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो तर 'हे आमच्याकडं नाही', दुसरीकडं गेलो तर 'हे पहिल्यांकडंच आहे'. शेवटी दोन्हीकडं एकच अर्ज दिला, तारीख-वेळ दिसणारे फोटो जोडले आणि दोन्हीकडून आवक नंबर घेतले. मग एक माणूस आला, टेप घेऊन.

आणि खरंच वेळ आलीच, म्हणजे गढूळ धार वाढून राहिली, तर दोन गोष्टी करू नका. धारेच्या तोंडावर काळी माती किंवा प्लास्टिक लावून ती बंद करू नका, आत कोंडलेलं पाणी दुसरीकडून फुटतं. करायचंच असेल तर धारेवर आधी रेती, त्यावर गिट्टी, त्यावर दगड, म्हणजे पाणी येईल पण माती थांबेल, तीच गाळणी पुन्हा. दुसरं, तिथं उभं राहून व्हिडिओ काढू नका. आधी नाल्याकाठची घरं उठवा, ढोरं सोडा, 112 किंवा जिल्ह्याच्या 1077 ला फोन लावा, तलाठ्याला आणि पोलीस पाटलाला कळवा, पाइपाची झडप उघडायची ती खात्याचा माणूस आला की त्याला करू द्या.

आमच्या पाळीमागं आम्ही मागच्या वर्षी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून खाच बसवली. दर रविवारी शाळेतली दोन पोरं पट्टी वाचून वहीत लिहितात, एका बाजूला तलावाची पातळी आणि दुसऱ्या बाजूला खाचेचा आकडा. परवा तलाव तुडुंब होता, आकडा 6. पाणी स्वच्छ.